पावणेपाचचं पाणी

पजू, तुझ्या बायकोचा फोन होता,
हळू आवाजात, बहुतेक गॅलरीत जाऊन:
ताई, यांचं पण असं होतं का हो लहानपणी?
रेवाला पाच पूर्ण झाली तरी…
वाक्य तिने तिथेच सोडलं.
मागे कुकरची शिट्टी झाली, फोन ठेवला.

मी काही बोलले नाही.
अठ्ठावीस वर्षं मी काही बोललेली नाही.

आपण प्रतीक्षा नगरात होतो, संक्रमण शिबिरात.
दोन वर्षांसाठी म्हणून गेलो, अकरा वर्षं राहिलो.
वीस खोल्यांना चार संडास, पॅसेजच्या पार टोकाला,
एकाचा बल्ब कायम गेलेला, एकाला कडी नाही.
म्हणून आईने तुला शिकवलं ते मोरीतच.
नळ बारीक सोडायची, तुला उकिडवं बसवायची
आणि तोंडाने शूऽऽ करायची,
नळाच्याच सुरात.
तू लगेच शिकलास. दीड वर्षाचा.
आई सगळ्या मजल्याला सांगत सुटली होती.

मग सात वर्षांचा झालास तरी गादी ओली.
आपण दोघं एकाच गादीवर, त्यामुळे
सगळ्यांत आधी कळायचं मला:
आधी कोमट, मग गार,
मग तू उठून बसलेला, अंधारात, न रडता,
चादरीचा बोळा त्या जागेवर दाबत,
जणू दाबलं की ते परत आत जाईल.

उपाय झाले. तिळाचे लाडू, भर मे महिन्यात.
सातनंतर पाण्याचा थेंब नाही.
तांडेलकाकूंनी मीठमिरच्या ओवाळल्या.
बाबांनी एकदा पट्टा काढला,
नुसता हातात धरून बसले,
मग परत कमरेला बांधला.
गादी मात्र रोज कठड्यावर,
जुन्या नकाशावर नवा नकाशा,
आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाची मान वर.
निलेश कुसाळकर तुला महानगरपालिका म्हणायचा.

मला कळलं ते माझ्या तापात.
रात्रभर जागी होते. पावणेपाचला पाणी आलं,
बाबा उठले, नळ सोडला,
रिकाम्या निळ्या ड्रममध्ये ती धार, शूऽऽ,
आणि झोपेतच तुझा चेहरा कसा निवळला,
पाढा न चुकता म्हटलेल्या मुलासारखा.
तू चुकत नव्हतास रे.
शिकवलेलं करत होतास.

बाबांना सांगितलं. हसले नाहीत.
त्याच संध्याकाळी शीवहून पाइप आणला,
ड्रमच्या तळापर्यंत सोडला. आवाज बंद.
गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं.
तू आणखी दीड वर्ष भिजवत राहिलास.
कमी, पण राहिलास.

मुलुंडला मामीकडे, नव्या कापसाच्या गादीवर,
पहाटे तू मला हलवलंस आणि नुसता बघत बसलास.
मी उशाचा तांब्या उचलला, ओतला.
अख्खा.
घोडी झालीस तरी धांदरट, मामी म्हणाली.
अजूनही माझ्या हातात ती
काचेचा ग्लास देत नाही.

म्हणून परवा तुलाच लिहिलं:
तुझ्या बायकोला मी सांगणार नाही, तूही थांब.
आधी रेवाला सांग.
जवळ बिवळ घेऊ नकोस, आवाज खाली आणू नकोस,
दात घासताना सांग,
दोघांच्या तोंडात फेस असताना.

काल रात्री तुझा मेसेज, सव्वाअकराला.
सांगितलं. एवढंच.
मग बऱ्याच वेळाने दुसरा:
ती म्हणाली, बाबा, मग तुझी गादी
कुठे वाळत घालायचे?